स्वस्तातली फौंड्री

राजारामपुरी, कोल्हापूर
६ जानेवारी २०२५

संयू बाळ,

मामाचं पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळी ठीक हायत. फोन सोडून पत्र का, तर माझ्या कानाचं तुला ठावं हाय. मला ऐकू कमी येतं म्हणून मी मोठ्यानं बोलतो, आणि मी फोनवर बोललो की आठव्या गल्लीला बातम्या लावाव्या लागत न्हायत. मागं तुझ्या आईला तुझ्या स्थळाबद्दल अगदी हळू सांगितलं, तर समोरच्या डॉक्टरीणबाई गॅलरीतनं म्हणाल्या, "मुलगा किती शिकलाय?"

आणि ही गोष्ट तर तुझ्या मामीलासुद्धा कळता कामा न्हाय. म्हणून पत्र. बोलतो तसंच लिहितोय, चुका काढू नकोस.

परवा एका लग्नात माझे साडू उदयसिंह पंगतीला शेजारी बसलेले. शाहूपुरीत हार्डवेअरचं दुकान, आणि तोंडात चोवीस तास शेअरबाजार. जिलबीवाल्याला हातानं थांबवून सगळ्यांच्या देखत मला म्हणाले, "पावणं, तुमाला पीई कळतो काय?"

मी म्हणालो, "व्हय की! तीस वर्षं संघात दूध तपासलंय, पीई कळत न्हाय व्हय?"

कळत न्हाय, संयू. दुधात नसतो एवढंच म्हाईत हाय.

मग साडूंनी कानात सांगितलं. म्हणजे माझ्या कानात, तेव्हा सगळ्या मांडवानं ऐकलं. आपल्या एमआयडीसीतली रांगणा ऑटोकास्ट ही फौंड्री. पाच वर्षं तिचा पीई वीस-बावीस असायचा, आता सातवर आलाय. "सेल लागलाय पावणं, सेल! सात परत एकवीस झाला की पैसा तिप्पट. पुण्याच्या ब्रोकरनं लिहून दिलंय, घ्या म्हणून." त्यांनी स्वतः चार लाख घातलेत. माझ्या निवृत्तीच्या पैशाची आठ लाखांची एफडी ह्याच महिन्यात सुटती, ती त्यात घाला म्हणत्यात.

तू तर ब्रोकरकडंच कंपन्यांचा अभ्यास करतीस. मला पीई समजावून सांग, आणि ही कंपनी घ्यावी का ते बी सांग. पत्ता घरचा घालू नको. पिराजी घड्याळवाले, सहावी गल्ली, असा घाल. त्याच्या दुकानात आम्ही चार निवृत्त माणसं रोज बसतो.

तुझा
हंबीरमामा


पुणे
१३ जानेवारी २०२५

प्रिय मामा,

तुमचं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. आमच्याकडे पाकिटातून फक्त नोटिसा येतात, त्यामुळे सगळे माझ्याभोवती गोळा झाले होते.

पीई अवघड नाही. समजा राजारामपुरीत साठ लाखांचा फ्लॅट आहे आणि त्याचं वर्षाचं भाडं दोन लाख येतं. म्हणजे भाड्याच्या तीसपट किंमत तुम्ही देताय. शेअरचंही तसंच. शेअरचा भाव भागिले एका शेअरमागे कंपनीचा वर्षाचा नफा. भाव दोनशे दहा आणि नफा तीस असेल, तर पीई सात. नफा असाच राहिला तर सात वर्षांत तुमच्या पैशाइतका नफा कंपनी कमावते. पीई जितका कमी, तितकी कंपनी स्वस्त, असं साधारण म्हणतात.

पण नुसता आजचा आकडा बघून उपयोग नाही. तो कंपनीच्या आधीच्या पाच-सात वर्षांच्या पीईशी ताडून बघायचा. नेहमी वीसला मिळणारी कंपनी सातला मिळत असेल, तर ती स्वस्त झाली असण्याची शक्यता असते.

रांगणाबद्दल मात्र मी काही बोलणं बरं नाही. ऑफिसचे नियम असतात. उदयसिंहकाकांना ब्रोकरचा कागद कुठून मिळाला?

मामीला खरंच काही सांगितलं नाही?

तुमची
संयोगिता


राजारामपुरी
२१ जानेवारी २०२५

संयू बाळ,

तुझं पत्र पिराजीच्या नावानं आलं म्हणून पिराजीनं फोडलं, आणि फोडलं म्हणून वाचलं, आणि वाचलं ते मोठ्यानं. आता सहाव्या गल्लीत ज्याला त्याला पीई कळतो. केळीवाला बाबू कालपासनं डझनाचा भाव सांगत न्हाय, "मावशी, पीई बघा" म्हणतो.

पण पोरी, तुझा फ्लॅट मला पटला न्हाय. फ्लॅट आज दोन लाख देतो, पुढल्या साली बी दोन लाख देतो. फौंड्री ही फ्लॅट न्हाय, म्हैस हाय. बाजारात व्यापारी म्हैस कवा दाखवतो? व्याली की दाखवतो. बारा लिटर दूध काढून बादली तुझ्या नाकाखाली धरतो. तू बारा लिटरचा हिशोब करतीस, आणि म्हैस कवडीमोल वाटती. सहा महिन्यांनी ती चारवर येती, मग भाकड. भाकड म्हशीचा तर पीई निघतच न्हाय, कशानं भागायचं? म्हणून शहाणा माणूस गोठ्यात जाऊन मागच्या चार वेतांत किती दूध दिलं ते विचारतो.

तसं मी केलं. पाच वर्षांचा पीई न बघता भाव एका बाजूला लिहिला आणि नफा दुसऱ्या बाजूला. (आकडे पिराजीच्या सुनेनं मोबाइलवर काढून दिले.) पीई उतरायला दोनच वाटा हायत. एक तर भाव पडतो, न्हाय तर नफा वाढतो. हितं भाव पडलाच न्हाय! गेल्या साली एकशे नव्वद होता, आता दोनशे दहा हाय. म्हणजे सेल कुठनं लागला? नफा वाढलाय. पाच वर्षं शेअरमागं आठ, नऊ, साडेनऊ, असा चाललेला नफा एकदम तीस.

एका वेतात तिप्पट दूध मी तीस वर्षांत बघितलं न्हाय. कुणी तसा कॅन घेऊन आला तर मी आधी पाणी पकडायचा लॅक्टोमीटर काढायचो.

ह्या दुधात लॅक्टोमीटर कुठं घालायचा ते सांग.

हंबीरमामा

ता. क. मामीला सांगितलेलं न्हाय. ती विचारती, रोज घड्याळवाल्याकडं काय काम असतं. मी मनगटी घड्याळ दुरुस्तीला टाकलंय म्हणून सांगितलं. आता खरंच टाकावं लागलं.


पुणे
३० जानेवारी २०२५

मामा,

घाईत लिहिते आहे. कंपन्यांचा नफा वाढण्याची कितीतरी कारणं असतात. निर्यातीच्या ऑर्डरी, विजेचा खर्च कमी, नवी भट्टी. म्हशीची उपमा गमतीची आहे, पण प्रत्येक गोष्टीत पाणीच असतं असं नाही. लॅक्टोमीटर दुधासाठी असतो.

तुम्ही पैसे एफडीतच ठेवा. ते तुमच्यासाठी बरं. ह्या कंपनीत एवढं खोलात जाऊ नका.

संयोगिता


राजारामपुरी
१० फेब्रुवारी २०२५

संयोगिता,

तुझ्या पत्राचा सूर मला नवा होता. म्हटलं पोरगी कामात असंल.

गेल्या आठवड्यात उदयसिंह पिराजीच्या दुकानी आले. मी अजून पैसे का घातले न्हाईत म्हणून ब्रोकरचा तो कागदच छापून आणला होता. इंग्रजीत. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात 'खरेदी करा'. खाली 'पाच वर्षांची सरासरी एकवीस, आज सात'. उदयसिंह काउंटरवर बोट आपटून म्हणाले, "वाचा पावणं! ह्यो काय मी लिहिलाय?"

पिराजीची खोड तुला म्हाईत न्हाय. डोळ्याला भिंग लावलं की जे दिसंल ते तो वाचतो. त्यानं शेवटच्या पानावरचं मुंगीएवढं अक्षर वाचायला घेतलं. इशारा वाचला, कायदा वाचला, आणि मग वाचलं, "विश्लेषक, संयोगिता माने."

मी म्हणालो, परत वाच. त्यानं परत वाचलं. मग मी भिंग माझ्या डोळ्याला लावलं.

उदयसिंहांनी सगळ्यांच्या देखत माझ्या पाठीवर थाप मारली. "घरातलीच पोरगी सांगतीया, आणि मामाला इस्वास न्हाय!" मी तुला पहिल्याच पत्रात नाव घेऊन विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी झेरॉक्सवाल्याकडनं कंपनीचा वार्षिक अहवाल छापून घेतला. एकशे ऐंशी पानं. पिराजीला चार दिवस लागले. दोन गिऱ्हाइकांची घड्याळं तशीच पडली. काल दुपारी एकशे त्रेचाळीस पानावर तो थांबला. नोट नंबर चौतीस, 'इतर उत्पन्न'. कंपनीनं गेल्या मार्चमधी जुन्या फौंड्रीची जागा विकली. त्याचा नफा शेअरमागं एकवीस रुपये.

तिसातनं एकवीस गेले, राहिले नऊ. दोनशे दहा भागिले नऊ, तेवीस. म्हणजे ही कंपनी नेहमीपेक्षा थोडी महागच हाय. जमीन काय दरसाल विकता येत न्हाय, बाळ. गोठा विकून आलेला पैसा दुधाच्या हिशोबात धरायचा नसतो.

तुला हे म्हाईत होतं काय, एवढंच सांग.

हंबीरराव


पुणे
१७ फेब्रुवारी २०२५

मामा,

तुम्ही खाली 'मामा' लिहिलं नाहीत. ते मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त लागलं.

खरं सांगते. अहवाल लिहिला तेव्हा माहीत नव्हतं. तीन आठवड्यांत सोळा कंपन्या करायच्या होत्या. संगणकावर पीई सात दिसला, सरासरी एकवीस दिसली, मी 'खरेदी करा' लिहून पुढच्या कंपनीकडे गेले. नोटा वाचल्या नाहीत. शिकले होते मी हे, परीक्षेत नव्वद मार्क होते त्या पेपरात.

तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा मला अभिमान वाटला. वाटलं, कोल्हापुरात माझा अहवाल वाचतात. सांगितलं नाही, कारण नियम आहे, आणि थोडी मजाही वाटली. तुमचं म्हशीचं पत्र आलं तेव्हा मात्र राग आला तुमचा. त्या रागातच तुम्हाला तसं लिहिलं, पत्र पेटीत टाकलं, आणि ऑफिसात येऊन नोट चौतीस उघडली. म्हणजे तुमच्या आधी दहा दिवस मला कळलं होतं. दहा दिवस मी गप्प बसले.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "आकडा खोटा नाही. नोट छापलेली आहे. ज्याला वाचायची त्याने वाचावी." आणि म्हणाले, एप्रिलमध्ये तुझ्या बढतीचं आहे, आता स्वतःच्याच अहवालावर शाई ओतू नकोस.

उदयसिंहकाकांसारखे किती जण असतील, मला माहीत नाही. काय करू?

संयू


राजारामपुरी
२४ फेब्रुवारी २०२५

संयू बाळ,

मामाच हाय मी, दुसरा कोण असणार? त्या दिवशी राग आलता. राग उतरायला मला आठवडा लागतो, हे मामीला विचार.

तुला एक गोष्ट सांगतो. ही मी कुणाला सांगत न्हाय. अठ्ठ्याण्णव साली दिवाळीच्या तोंडावर एका गावच्या संस्थेचा कॅन माझ्यासमोर आला. लॅक्टोमीटर नको तितका बुडाला. पाणी होतं. पण मागं चाळीस कॅन रांगेत, ट्रकवाला शिव्या देतोय, आणि त्या संस्थेचा चेअरमन माझ्या ओळखीचा. मी 'ठीक' लिहिलं. कॅन टाकीत गेला. सांच्याला वरनं निरोप आला, टाकीच नापास. सहा गावांचं दूध गटारात ओतलं. मी उभा राहून बघितलं.

कुणाला कळलं नसतं, संयू. चाळीस कॅनातला कुठला ते कसं कळणार? मी दोन दिवस जेवलो न्हाय. तिसऱ्या दिवशी मॅनेजरच्या टेबलापुढं जाऊन उभा राहिलो आणि सांगितलं. त्यानं पंधरा दिवस बिनपगारी घरी बसवलं. आणि त्यानंतर चोवीस वर्षं माझ्या सहीवर कुणी बोट ठेवलं न्हाय. कधी कधी तर दुसऱ्यानं तपासलेला कॅन माझ्याकडं परत पाठवायचे, "हंबीररावला दाखवा" म्हणून.

तुझा साहेब काय म्हणतो ते बरोबर असंल. नोट छापलीय खरी. पण ती वाचायचा पगार तू घेतीस, उदयसिंह न्हाय. एवढंच म्हणतो. बढतीचं मी काय सांगणार? भोगायचं तुला हाय.

दुसरी बातमी. एफडीचं म्हणशील तर मी ती शेअरात घालायचा विचार सोडला आणि बँकेत गेलो, नव्यानं ठेवतो म्हणून. खिडकीवरची मुलगी म्हणाली, "काका, ही तर पंधरा जानेवारीलाच पाच वर्षांसाठी ठेवलीय. काकू येऊन गेल्या." खातं दोघांच्या नावावर हाय ना! म्हणजे महिनाभर ज्या पैशापायी मी झोप उडवून घेतली, तो पैसा जाग्यावर नव्हताच. घरी येऊन मामीकडं बघितलं. ती म्हणाली, "घड्याळ झालं काय दुरुस्त?"

पत्र आता घरच्या पत्त्यावर घाल.

हंबीरमामा


पुणे
७ मार्च २०२५

प्रिय मामा,

केलं. परवा सुधारित अहवाल गेला. पहिल्याच ओळीत लिहिलंय की आधीच्या अहवालात जमीनविक्रीचा नफा वेगळा काढला नव्हता, तो वगळता पीई तेवीस येतो, 'खरेदी करा' ही शिफारस मागे घेतली आहे. साहेबांनी सही करायला चार दिवस घेतले. सही केली, पण माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. रांगणा कंपनीतून फोन आला, आमच्यावर अविश्वास का म्हणून. शेजारच्या टेबलवरच्या ऋतुराजने मला चहा आणून दिला आणि म्हणाला, "धाडस आहे तुझ्यात." मग माझ्याकडच्या दोन मोठ्या कंपन्या त्याला दिल्याचं त्यानेच सांगितलं.

उदयसिंहकाकांपर्यंत हा दुसरा अहवाल पोचवाल ना? भाव अजून दोनशे दहाच्या आसपास आहे. आत्ता बाहेर पडले तरी त्यांचं काही जाणार नाही.

संयू


राजारामपुरी
२ एप्रिल २०२५

संयू बाळ,

पोचवला. नसता पोचवला तर बरं झालं असतं.

खोटं कशाला बोलू, आधी मी तो कागद आठ दिवस कपाटात ठेवला. मन म्हणत होतं, पडू दे एकदा तोंडावर. मग मलाच माझी लाज वाटली आणि शाहूपुरीला गेलो. दुकानात रंगाच्या डब्यांवर कागद पसरला, नोट चौतीस दाखवली. उदयसिंह सगळं ऐकून घेऊन खुर्चीत मागं रेलले.

"पावणं," म्हणाले, "पंधरा जानेवारीला तुमची एफडी सुटली. तवा तुमी घेतला न्हाय. आता तुमचीच भाची लिहिती, घेऊ नका म्हणून. म्हणजे लोकांनी विकावं, भाव पडावा, आणि तुमी गपचीप स्वस्तात उचलावा. व्हय न्हवं? पोरीला बी फितवलीसा!"

मी म्हणालो, "उदयसिंह, माझी एफडी तर..."

"ऱ्हाऊ दे! मी बी काय दुधखुळा न्हाय."

आणि माझ्या समोर मोबाइल काढून आणखी दोन लाखांचे घेतले. मी रोखायला गेलो म्हणून जास्त जोरात बटण दाबलं.

तेव्हापासनं बोलणं बंद हाय. मामी आणि तिची बहीण तानाबाई मात्र दर मंगळवारी एकत्र अंबाबाईला जातात आणि येताना भेळ खातात. आमच्या भांडणाचं त्यांना काय बी वाटत न्हाय. तानाबाई म्हणाली म्हणं, "बरं झालं, दोघंबी घरात जरा कमी बोलत्यात."

हंबीरमामा


पुणे
१४ मे २०२५

प्रिय मामा,

बढती ऋतुराजला मिळाली. मी रडले, मग आईला फोन केला, मग पाणीपुरी खाल्ली. आता ठीक आहे. साहेबांनी काल एका नव्या कंपनीचा जाडजूड अहवाल माझ्या टेबलवर ठेवला. म्हणाले, "हा आधी तू वाच. मागून पुढे." एवढंच बोलले.

रांगणाचा वर्षाचा निकाल तेवीस मेला आहे. पीई मागच्या चार तिमाहींच्या नफ्यावर काढतात, त्यामुळे जमीन विकली ती तिमाही आता हिशोबातून बाहेर पडेल. माझ्या अंदाजाने नफा आठ-नऊ रुपयांवर येईल. भाव थोडा उतरेल, पण नफा त्याहून खूप जास्त उतरेल. म्हणजे पीई उलट वर जाईल. भाव पडला आणि पीई चढला, हे बघून पुष्कळ लोक गोंधळतात. काकांना कोणीतरी आधी सांगायला हवं. तुमचं बोलणं सुरू झालं का?

संयू


राजारामपुरी
३० मे २०२५

संयू बाळ,

बोलणं सुरू झालं. कसं झालं ते सविस्तर लिहितो.

निकाल लागला तेव्हा उदयसिंह शाहूवाडीला भावकीतल्या लग्नात होते. तिथं डोंगरात मोबाइलला रेंज न्हाय. परवा बुधवारी सकाळी आले, दुकानाचं शटर वर केलं, मोबाइल उघडला आणि बघितलं तर पीई एकवीस. सातचा एकवीस! ज्या आकड्याची पाच महिने वाट बघितली तो समोर. त्यांनी पुढचं काय बघितलंच न्हाय. मोबाइल खिशात घातला आणि सरळ मिठाईवाल्याकडनं दोन किलो पेढे आणले.

अकरा वाजता पिराजी धावत माझ्याकडं. "हंबीरराव, शाहूपुरीत पेढे वाटाय लागल्यात!" मी पायात चप्पल घालून तसाच रिक्षात बसलो.

दुकानापुढं ही गर्दी. मला बघितल्यावर उदयसिंहांनी गर्दीतनं वाट काढली आणि काय बोलायच्या आत माझ्या तोंडात पेढा कोंबला. "पावणं, जाऊ दे मागचं. तोंड गोड करा. तिप्पट झालं, तिप्पट!"

आता हे चारचौघांत कसं सांगायचं? मला कुजबुजता येत न्हाय, कुजबुजलो तर रस्त्यापलीकडच्या टायरवाल्याला ऐकू जातं. मी त्यांना हाताला धरून आत पाइपांच्या मागं नेलं आणि बिलबुकाच्या पाठीवर लिहून दाखवलं. नफा, आधी तीस, आता आठ. भाव, आधी दोनशे दहा, आता एकशे अडुसष्ट. खाली भागाकार मांडला. एकशे अडुसष्ट भागिले आठ, एकवीस.

उदयसिंह कागद बघत राहिले. मग मोबाइल काढून भाव बघितला. मग खिळ्यांच्या पेटीवर बसले.

"पीई तिप्पट झाला," मी म्हणालो. "पैसा न्हाय झाला."

"किती गेलं?"

"पाचातला एक भाग."

त्यांचा चेहरा बघवंना. पाच महिने मी हा दिवस यावा म्हणून मनात किती बोलणी तयार करून ठेवली होती, एक बी आठवंना. मी त्यांच्या शेजारी पेटीवर बसलो. खिळे लई टोचत होते, पण उठलो न्हाय.

तेवढ्यात बाहेरनं हाका. "मालक, पेढे संपले की!" निम्म्या शाहूपुरीला दिले होते, आता उरलेल्या निम्म्याला न्हाय कसं म्हणणार? उदयसिंहांना उठवंना. मग मीच गेलो, आणखी दीड किलो आणले, आणि काउंटरवर उभा राहून वाटले. लोक विचारत होते, कशाचे. मी म्हणालो, मालकाला विचारा. मालक आतनं म्हणायचे, "खा की राव, गोड हायत न्हवं?"

दुपारी दुकान रिकामं झालं तेव्हा त्यांनी विचारलं, "आता विकू का ठेवू?" मी म्हणालो, ते मला कळत न्हाय. पण कंपनी वाईट न्हाय. पाच वर्षं एकवीसच्या आसपास पीई होता, आता बी एकवीस हाय. ती स्वस्त कधीच नव्हती, एवढंच. त्यांनी बिलबुक ओढून स्वतः हिशोब मांडला. मग म्हणाले, तीन लाखांचे ठेवतो, बाकीचे काढून तानाबाईच्या नावावर एफडी करतो. "आणि तिला विचारून करतो," असंबी म्हणाले. साडूच्या तोंडनं हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

निघताना मला म्हणाले, "पावणं, पोरीनं तवा दुसरा कागद काढला, त्यात तिचं नुकसान झालं काय?"

मी खरं सांगितलं. बढतीचं सांगितलं. ते नुसते पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यांची चळत लावत राहिले.

आज सकाळी मात्र स्वतः माझ्या दारात आले. हातात पेढ्यांचा डबा, सुतळीनं बांधलेला. "पुण्याला धाडा," म्हणाले. मी म्हटलं, दोन ओळी लिहून द्या, पत्राबरोबर घालतो. त्यांनी पेन घेतलं, खुर्चीत बसले, अर्धा तास घाम पुसला, तीन कागद फाडले. शेवटी डब्याच्या झाकणावरच काहीतरी लिहिलं आणि चहा न घेता गेले.

डबा ह्याच पत्राबरोबर कुरियरनं धाडतोय. सुतळी जपून सोड, झाकण फेकू नको. त्यावर त्यांच्या हातचं असं लिहिलंय:

"संयोगिता, चुकलो. पेढे मात्र ताजे हायत. उदयसिंहकाका."

तुझा
हंबीरमामा